कंट्रोलचा वाफा

३० ऑक्टोबर १९५३, चाकण

माझ्या स्टोची पिन हरवली आहे. ही घटना मी शक्य तितक्या गांभीर्याने नोंदवून ठेवतो, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही. मोठमोठी संस्थानं विलीन झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संस्थानिकांना चहा मिळालाच असणार. मला मिळाला नाही. स्टो फुरफुरला, रुसला आणि काळा धूर सोडून गप्प बसला. पत्र्याची एवढीशी पट्टी, तिच्या टोकाला केसाएवढी तार. ती नसली की मुंबई राज्याच्या शेतकी खात्याचा एक जबाबदार नोकर कोरड्या तोंडाने बसतो, याची खात्याला कल्पना नसावी.

पिन मागायला निघालो. पहिल्या घरी शिंपीणबाई म्हणाल्या, "आमच्यात स्टोच न्हाई." त्यांच्या पाठीमागे स्टो वाघासारखा गुरगुरत होता. दुसऱ्या घरी मी ओसरीवर पाय ठेवताच आत काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज आला, आणि मग घरधनी घाम पुसत बाहेर आले.

"काय पायजे सायेब?"

"पिन."

"पीक? पीक कुठलं यंदा? समदं पावसानं धुतलं."

तिसऱ्या घराने दारच उघडलं नाही.

शेवटी एस्टीच्या थांब्याजवळ अजीजचं हॉटेल आहे तिथे गेलो. अजीज चहा करतो आणि सायकलींची पंक्चरंही काढतो. दोन्ही कामांचं पाणी एकच आहे का, याची मी चौकशी केलेली नाही. त्याने पिन दिली, वर मलईचा चहा दिला, आणि पैसे पुढे केले तर कानाला हात लावले. "तुमच्याकडनं पैसे घ्यायचे, साहेब? तोबा!" या गावात माणुसकी शिल्लक असलेला हा एकच इसम दिसतो.

बाकीच्यांचं काय बिघडलंय कळत नाही. गेल्याच आठवड्यात चावडीवर मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. गव्हाला नत्र हवं, नत्राची खतं तऱ्हेतऱ्हेची असतात, त्यातलं कुठलं इथल्या मातीला मानवतं ते पाहायचं. चार वाफ्यांना चार खतं आणि शेजारी एक कंट्रोल. 'कंट्रोल' म्हटल्याबरोबर सभेत अशी शांतता पसरली की चिलीम विझल्याचं ऐकू यावं. इतका एकाग्र श्रोता पुण्यात पैसे मोजूनही मिळत नाही. आणि तेच लोक आता एक पिन देत नाहीत.

३ नोव्हेंबर

चिंचवडला जाऊन वजीर पेंटरकडून वाफ्यांच्या पाट्या आणल्या. कचेरीने इंग्रजी पाट्या दिल्या होत्या, त्या मी बाणेदारपणे परत केल्या. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत शास्त्र कळलं पाहिजे, असं मी मागे एकदा छापूनही आणलं होतं. 'नियंत्रण' लिहा म्हटलं तर वजीर म्हणाला, "साहेब, पाटी केवढी, शब्द केवढा! आणि वाचणार कोण? कंट्रोल लिहितो. कंट्रोल पोरालाही समजतं." मला ते पटलं. बाकी चार पाट्या काळ्या, ही एक लाल, कारण काळा रंग संपला होता. लांबून छान उठून दिसते.

येताना पिंपरीला गाडी थांबली तेव्हा औषधाच्या कारखान्याचं बांधकाम पाहिलं. बुरशीपासून औषध करणार म्हणतात. त्यासाठी एवढ्या भिंती कशाला, कळत नाही. माझ्या खोलीत पावावर ती आपोआप येते.

५ नोव्हेंबर

पेरणी झाली. तळेगाव रस्त्याला लक्ष्मणरावांचं रान आहे, मोटेचं पाणी, काळी जमीन. लक्ष्मणराव चाळिशीचे, शब्दाला महाग माणूस. त्यांची आई शालनबाई साठीच्या, आणि शब्दाला मुळीच महाग नाहीत, निदान आज नव्हत्या. एकेक गुंठ्याचे पाच वाफे पाडले. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट सगळ्यांना सारखंच घातलं; म्हणजे भांडण फक्त नत्राचं राहावं.

मग खतं आणि पाट्या. मायलेकरं उभी होती म्हणून मी रंगात येऊन सांगितलं, की नायट्रेट म्हणजे पानात वाढलेलं जेवण, पीक लगेच खातं, पण पाणी जास्त झालं तर ताटासकट वाहून जातं. सल्फेट म्हणजे शिधा. मातीतले जिवाणू तो शिजवून देतात, पण तोवर तो मातीला धरून राहतो. युरिया म्हणजे दळण; आधी दळायचं, मग शिजवायचं. आणि भुईमुगाची पेंड म्हणजे अजून शेतात उभं असलेलं धान्य, खाणाऱ्याने दम धरायचा.

शालनबाई लाल पाटीकडे बघत होत्या. "आन् ह्याला काय घालनार?"

"त्याला काही नाही, आजी. तो कंट्रोल."

"काईच न्हाई?"

"चिमूटभरसुद्धा नाही. घातलं तर कंट्रोल कसला?"

"मंग त्यो भरायचा कसा?"

"भरणारच नाही! तेच तर सरकारला बघायचंय."

म्हातारी लेकाकडे बघून पुन्हा माझ्याकडे वळली. "आन् कमी पडलं तर वो?"

"जेवढं कमी पडेल तेवढं आम्ही मोजून, लिहून नेऊ."

लक्ष्मणराव खाली बसले आणि ढेकूळ फोडत राहिले. एका निरक्षर बाईने शास्त्राच्या मर्मावर असं नेमकं बोट ठेवावं, याचं मला मोठं कौतुक वाटलं. कचेरीत वीस वर्षं काढलेल्यांना कंट्रोल कशाला ते कळत नाही. असं ऐकणारं माणूस रोज भेटतं तर हे गाव इतकं वाईट नव्हतं.

७ नोव्हेंबर

पाडवा. गावात दिवे. मी एक पणती लावली. ती घराच्या आत ठेवली की बाहेर, या प्रश्नावर बराच वेळ गेला. बाहेर ठेवली तर कुणाला तरी दिसेल, आणि दिसूनही कुणी आलं नाही तर तेही दिसेल. आत ठेवली.

बायको असती तर म्हणाली असती, "एवढा विचार लेख लिहिताना केला असतात तर बदली झाली नसती." ती गेल्याला दुसरी दिवाळी. माझ्या विनोदाला हसत नसे, पण कुठल्या ओळीला हसायचं टाळलं ते मला कळायचं. तेवढं पुरे होतं. आता मी विनोद करतो आणि भिंत ऐकून घेते. भिंतीला टाळायचंही सुचत नाही.

इथे का आलो ते एकदा लिहून ठेवतो. खात्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेल्या भोपळ्यावर मी एका साप्ताहिकात टोपणनावाने लिहिलं. त्या भोपळ्यात मोठ्या साहेबांना स्वतःचं साम्य दिसलं. मी तर फक्त भोपळ्याचंच वर्णन केलं होतं. साहेब माणूस मोठा, म्हणाले, "सोहनी, चाकणचा प्रयोग नीट पार पाडा, मार्चअखेर पुण्याला परत घेतो." तेवढ्या शब्दावर दिवस काढतो आहे. पुण्यात माझं कुणी आहे अशातला भाग नाही, पण अपमान करायला निदान ओळखीचे लोक आहेत.

१२ डिसेंबर

खताचा दुसरा हप्ता दिला. पीक शास्त्राबरहुकूम वागतं आहे. नायट्रेटचा वाफा आधी हिरवा झाला, सल्फेटने आता त्याला गाठलं, युरिया मागोमाग. पेंड अजून विचार करते आहे. आणि कंट्रोल पिवळा, खालची पानं टोकापासून वाळत आलेली. शेजाऱ्यांच्या पंगती झडताहेत आणि हा आपला पाटीला धरून उभा. मी त्याच्या बांधावर जरा जास्त वेळ बसलो. तसं बसायला काही कारण नव्हतं.

शालनबाई आल्या. नमस्कार केला तर म्हणाल्या, "लई पिवळं पडलं वो."

"वा! अगदी हवं तसं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुष्काळात लग्नाची वरात निघालेली पाहिली असावी. पदर खोचून गोठ्याकडे निघून गेल्या. आमचा शास्त्रीय संवाद वाढत नाही याचं वाईट वाटतं.

२९ डिसेंबर

तापाने अंथरूण धरलं होतं. रानात गेलो नाही, कचेरीला लिहिलं नाही. कुणी आलं नाही म्हणावं तर खोटं होईल, कारण अजीज आला होता. आल्याचा चहा आणि पाव घेऊन. पायाशी बसला आणि म्हणाला, "साहेब, एक बोलू? दुनियेला खत वाटता, तुम्हाला एक खत येत नाही कुठून."

पोस्टमन त्याच्याच दुकानात बसतो म्हणून त्याला ठाऊक. मी म्हणालो, "हा श्लेष चांगला आहे, मला विक."

"श्लेश म्हंजे?"

"काही नाही. साखर जास्त पडली चहात."

त्याने एकदम दाराकडे पाहिलं. "साखर आपल्या घरची हाय साहेब, परवान्याची. अल्ला कसम! दुकानात दुसरं पोतं न्हाई." ताप होता म्हणून मी हसलो नाही. माणूस आजाऱ्याला हसवायला काय काय करतो! आजही पैसे घेतले नाहीत. ही मैत्री कशी फेडायची, याचा विचार करतो आहे.

१४ जानेवारी १९५४

संक्रांत. तिळगूळ एकट्या अजीजने दिला. मला पाहून चावडीपाशी चाललेल्या गप्पा थांबतात. मी पुढे गेलो की पुन्हा सुरू होतात. गाण्यात जशी सम येते तसा मी येतो.

रानात मात्र भलतंच. कंट्रोल हिरवा झाला आहे. हिरवा म्हणजे चक्क काळपट, रुंद पानांचा, सल्फेटच्या खांद्याला खांदा लावून. मी डोळे पुसले, पाटी वाचली. तीच लाल पाटी. बांध तपासले, कुठे पाझर नाही. पाट पाहिला, नायट्रेटच्या वाफ्यातलं पाणी इकडे येत नाही. लक्ष्मणरावांना विचारलं, "हा असा कसा सुधारला?" ते म्हणाले, "द्येवाची किरपा." कृपेत नत्र किती टक्के असतं, हे पुस्तकात दिलेलं नाही.

वाफ्यावर गोठ्यासारखा वास येत होता. गोठा वाऱ्याच्या बाजूला आहे.

६ फेब्रुवारी

गहू ओंबीवर आला. कंट्रोलच्या ओंब्या लांब आहेत. मी रोज जातो, रोज पाहतो, आणि रोज माझ्याच डोक्याबद्दल शंका घेऊन परत येतो. या जमिनीत मुळातच नत्र भरपूर असेल? मग आधी पिवळा का पडला? पेरताना माझ्या हातून खत सांडलं असेल? मग हिरवा व्हायला एवढे दिवस का लागले? वीस वर्षं मी खात्यातल्या विद्वानांची टर उडवली. आता माझ्यासमोर एक गुंठा जमीन माझी टर उडवते आहे, आणि तीही न बोलता. हे अधिक उच्च दर्जाचं आहे, मान्य करतो.

कुणाशी तरी बोलावं असं फार वाटलं. अजीजला सांगायला गेलो. त्याने ऐकून घेतलं, फळी पुसली आणि हळूच विचारलं, "म्हंजे कंट्रोल चांगला भरनार?"

"सगळ्यांत चांगला!"

"अलहमदुलिल्ला," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच हायसं वाटलेलं दिसलं. माझं नुकसान झालं की आनंद होणारे लोक पुष्कळ पाहिले, पण इतक्या निष्पाप चेहऱ्याने नाही.

९ मार्च

आज मळणी आणि वजन. मोठे साहेब जीपमधून आले होते. मी तराजू धरला, लक्ष्मणरावांनी ओतलं. पेंड चोवीस पौंड. नायट्रेट सत्तावीस. युरिया एकोणतीस. सल्फेट तीस. कंट्रोल एकतीस.

पुन्हा केलं. एकतीस.

साहेबांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मग मला जीपच्या पलीकडे नेलं. त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

"सोहनी, ज्याला काही दिलं नाही तोच पहिला आला. हे वर पाठवलं तर काय होईल?"

"लोक हसतील."

"तुमच्या लेखांना हसत नाहीत इतके हसतील. आता नीट ऐका. तराजू खेड्यातला आहे. वारा होता. तुमचे डोळे चाळिशीचे. तीनच्या आकड्याला एक वळण जास्त पडतं माणसाकडून. एक वळण कमी काढा, एकवीस होतील, आणि सगळं पुस्तकाबरहुकूम." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भोपळा इतका मऊ असतो हे मला ठाऊक नव्हतं. "पुण्याची ऑर्डर सहीला तयार आहे. आकडे आले की सुटेल."

वाईट सल्ला नाही. खरं तर हे सगळं कुठेतरी चुकलं आहेच. मग चुकलेला आकडा चुकीने सुधारला तर ते सत्याच्या जवळच जाणं नव्हे का? असं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून त्याची साल काढली असती. आज ते माझ्या तोंडात आहे आणि गोड लागतंय.

११ मार्च

आकडा अजून लिहिलेला नाही. आज त्यावर बसणारच होतो. सकाळी दार उघडलं तर शालनबाई उंबऱ्यापाशी उभ्या. डोक्यावर बोचकं, अंगावर धुवट लुगडं, कपाळाला कुंकू नाही पण चेहरा चावडीवर जाताना करतात तसा. बोचकं त्यांनी माझ्या पायांपाशी ठेवलं आणि गाठ सोडली. गहू. निवडून, पाखडून, एकेक खडा काढून लखलखीत केलेला.

"घ्या सायेब. कंट्रोल भरला."

मला कळेना. "आजी, हा तुमचा गहू आहे. मी काय करू?"

"एकतीस भरला न्हवं? मोजून घ्या. वर दोन शेर घरचा घातलाय, काट्याला कमी नगं पडाय. आता आमच्या दारात येऊ नका. घरात नेयासारखं काय न्हाई."

मी म्हणालो, "नेणार कोण आहे?"

तेव्हा ती बाई माझ्यावर ओरडली. आजवर माझ्यावर पुष्कळ लोक ओरडले, पण त्यांना माझ्यापासून काही धोका नव्हता.

"तुमीच बोलला न्हवं का? कमी पडंल ते मोजून लिहून नेऊ! लाल पाटी लावली! लढाईच्या सालात अशीच मानसं आलती. कंट्रोल भरा म्हनली. त्या साली गव्हाला तांबेरा पडलेला, भरायचा कशानं? कणगीतलं बी झाडून नेलं. लक्ष्मणच्या बापाला दिवसभर चावडीफुडं उन्हात बसवला. त्यो मानूस त्या दिसापासनं जेवताना बोलायचा थांबला, मरस्तोवर बोलला न्हाई. आन् तुमी हसून सांगता, भरनारच न्हाई, सरकारला तेच बघायचंय!"

मी उंबऱ्यावर बसलो. बसायला दुसरं काही जवळ नव्हतं.

कंट्रोल! रेशनचा, लेव्हीचा, धान्य जप्तीचा कंट्रोल. गेली दहा-बारा वर्षं या देशातल्या पोराटोरालाही जो शब्द पाठ आहे तो मी, भाषेवर पोट भरायची हौस असलेला माणूस, लाल रंगात लिहून त्यांच्या रानात रोवला. वर चावडीवर भाषण केलं. म्हणून पोती आत ओढली गेली, म्हणून दारं लागली, म्हणून गप्पा थांबल्या. मला वाटत होतं, माझ्या पुणेरी टोपीचा दरारा आहे.

हळूहळू सगळं सांगितलं. कंट्रोल म्हणजे नुसता तुलनेसाठी, बिनखताचा. त्यातून काही न्यायचं नाही, कुणी नेणार नाही. शालनबाईंनी ऐकलं. पटलेलं दिसलं नाही. मग विचारलं, "मग वाफा भरला कसा, आजी?"

"कसा म्हंजे? मी भरला. तुमी तापानं पडला तवापासनं. गोठ्यात मोरीच्या खड्ड्यात बैलांचं मूत साठतं, त्यात लेंड्या कालवून पाटाच्या तोंडाशी वतायची. रोज, तांबडं फुटायच्या आत. लक्ष्मण म्हनला, नगं, सायेबाला कळंल. म्या म्हनलं, कळू दे, कमी पडल्यालं कळन्यापरीस बरं." त्यांनी तळवे पुढे केले. घागरीच्या काठाने पडलेले घट्टे. "माझ्या माळव्याच्या वाफ्याच्या तोंडातलं काढून तुमच्या कंट्रोलला घातलं. वांगी सुकली, घेवडा गेला. घरात अडीच म्हैने भाकरीसंगं कोरड्यास न्हाई."

मला हसू येत होतं आणि येऊ नये असं वाटत होतं. बोटीने परदेशातून आलेला युरिया मी शेजारच्या वाफ्याला तोळ्यामाशाने घालत होतो, आणि तोच पदार्थ बैल इकडे बिनपरवाना पुरवत होते. रसायनशास्त्र दोघांत भेद करत नाही.

"हसा," म्हातारी म्हणाली. "तुमाला काय. तुमाला कुनी मागं पुढं हाय का भ्यायाला?"

गहू परत घ्या म्हटलं तर घेईना. शेवटी लक्ष्मणराव येऊन घेऊन गेले. जाताना इतकंच म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई का वो, सायेब?"

आधी सांगायचं! तेच तर केलं होतं.

१२ मार्च

अहवाल लिहिला. एकवीस लिहिता आले असते, हात त्या वळणावर थांबलाही होता. पण त्या दहा पौंडांचं काय करायचं? ते नत्राने आले नाहीत, शास्त्राने आले नाहीत. एका बाईने भीतीने घागरी वाहून आणले. कंट्रोल भरला, असं ती म्हणाली. मी तो कागदावर कमी पाडला असता तर लढाईच्या सालात कणगी झाडून नेणारा काटेवाला आणि मी यांत टोपीचाच फरक राहिला असता.

एकतीसच लिहिलं. खाली लिहिलं, की कंट्रोल वाफ्याला गैरसमजाने बाहेरचं नत्र मिळालं, सबब प्रयोग ग्राह्य धरू नये. गैरसमज शेतकऱ्याचा नसून पाटी लिहिणाऱ्याचा आहे. हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात एकही विनोद नाही. मला असं लिहिता येतं हे ठाऊक नव्हतं.

२० मार्च

गावाला कळलं आहे. पिनेच्या वेळी पोतं ओढणारे गृहस्थ भेटले आणि खो खो हसले, "सायेब, तुमी खताचंच हाय व्हय!" मला वाटलं होतं आता दारं उघडतील. तसं काही झालं नाही. पूर्वी मला पाहून लोक गप्प व्हायचे, आता बोलत राहतात. मी उभा असलो काय, नसलो काय. आधी निदान मला भीत तरी होते.

अजीजकडे चहा घेतला आणि उठलो. तो फळी पुसत म्हणाला, "एक आना, साहेब."

मी वळून पाहिलं.

तो लाजला. "वाईट वाटून घेऊ नका. मला वाटलं खताचं नुसतं सोंग, तुम्ही साखरेच्या खात्यातले. एवढे दिवस फुकट पाजला, आता कळलं तुम्ही आमच्यासारखेच."

"आणि तापात आलास तो?"

त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला असं वाटलं. "पहिल्या दिवशी साखरेपायी," तो म्हणाला. "मग तुम्ही लई बडबडत होता तापात. कुनी बाईंना काहीतरी वाचून दाखवत होता. मग येत ऱ्हायलो."

आणा दिला. काय वाचून दाखवत होतो, ते विचारलं नाही.

२ एप्रिल

कचेरीचा लिफाफा आला. प्रयोग रद्द, पुढच्या रब्बीत पुन्हा घेणे, तोवर सोहनी यांनी चाकण येथेच राहणे. साहेबांनी सही फार सुंदर केली आहे. लक्ष्मणरावांना सांगितलं. जमीन पुन्हा देतो म्हणाले, पण पाटीचा शब्द तेच सांगणार. 'कोरा वाफा' लिहा म्हणाले, कोरा चहा असतो तसा. याहून चांगला शब्द मला पुण्यातसुद्धा सुचला नसता. शालनबाई ओसरीवर होत्या. बोलल्या नाहीत. उठून आतही गेल्या नाहीत.

३ एप्रिल

बाजाराचा दिवस. लक्ष्मणरावांचं घर सगळं बाजाराला गेलं होतं. मी मुद्दाम त्याच वेळी गेलो.

परसात शालनबाईंचा माळव्याचा वाफा आहे. घेवड्याचे वेल वाळून काठ्यांना लटकलेले, वांग्याची झाडं तेवढी जीव धरून, पानं पिवळी, टोकापासून गेलेली. नत्राची उपासमार, हे निदान करायला मला सरकार पगार देतं. गोठ्याच्या भिंतीला घागर पालथी होती. खड्ड्यातलं भरलं, पाणी मिसळलं, नाहीतर मुळं जळतात. पहिल्या खेपेला अर्धं धोतरावर सांडलं. बैल मान वळवून पाहत होता. त्याच्या मालाची ने-आण इतक्या गबाळेपणाने होताना त्याने कधी पाहिली नसावी.

घागर कमरेवर घ्यायची कशी ते मला जमत नाही, म्हणून पोटाशी धरून नेली. काठ तळव्यात रुततो. बांधावरच्या कडेच्या झाडापर्यंत प्रत्येकाच्या बुडाशी ओतलं, आळी बोटांनी सारखी केली. उन्हं कलल्यावर रस्त्यावर गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. तेवढ्यात घागर विसळली आणि होती तशी पालथी ठेवून मागच्या वाटेने निघून आलो.